जाहिरात आणि आप्तवाक्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून एखाद्या विद्वान वक्त्याचे विचार ऐकण्याचा आपला परिपाठ आहे. ह्या वर्षी चिटणिसांनी ती कामगिरी मजसारख्या सामान्य माणसावर सोपविली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली, एवढीच माझी विद्या. विषय कोणता घेणार, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा मी ‘जाहिरात’ असे म्हटले. ते हसले. स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याच्या कामाविषयी मी बोलणार, असा त्यांचा समज झाला असावा. परंतु माझा हेतू निराळा आहे. जाहिरात म्हणजे काय, ती आपल्या मनावर कोणत्या वाटेने चालून येते, आणि तिच्यापुढे शहाण्या माणसाने कसे उभे राहावे, हे मला सांगावयाचे आहे. ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील, तर तो अधिकार मी पैसे मोजून विकत घेतलेला आहे. तो व्यवहार पुढे येईलच.

‘जाहीर’ म्हणजे उघड, प्रकट. ह्या शब्दात वाईट असे काहीच नाही. पूर्वी गावात दवंडी पिटत, तीही जाहिरातच. मात्र दवंडी सर्वांच्या उपयोगाची वार्ता सांगे आणि निघून जाई. ती कोणाच्या खिशात हात घालीत नसे. छापखाना आला आणि हे काम वर्तमानपत्राकडे गेले. आपल्या देशातील पहिले छापील वर्तमानपत्र जेम्स हिकी ह्याने १७८० साली कलकत्त्यास काढले. त्याच्या लांबलचक नावात ‘बेंगॉल गॅझेट’ ह्या शब्दांबरोबर ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ असेही शब्द होते. म्हणजे ह्या देशात वृत्तपत्र जन्मले तेच जाहिरातीचा हात धरून. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. १ जानेवारी १९७६ पासून त्या दूरदर्शनवर आल्या, आणि आज त्या आपल्या अंगरख्याच्या खिशात, मोबाईलमध्ये येऊन बसल्या आहेत. दवंडीवाला एका दिवसात एक गाव फिरे. आजचा दवंडीवाला प्रत्येकाच्या उशाशी निजतो.

ह्या शास्त्राची मूलतत्त्वे समजण्यास परदेशी ग्रंथ चाळावे लागत नाहीत. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्यास महालक्ष्मीची यात्रा भरते. तेथील किसणीवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. तो प्रथम मोठ्याने आरोळी देतो. आपण वळून पाहतो. मग तो एक बटाटा घेऊन क्षणार्धात त्याचे फूल करून दाखवितो. आपली पावले थबकतात. मग तो बायकांकडे पाहून म्हणतो, “ताई, पाहुण्यांच्या पानात ही कोशिंबीर वाढा, विहीणबाई विचारतील कोणी केली म्हणून!” आता ती किसणी आपल्या घरी असावी असे वाटू लागते. आणि शेवटी तो सांगतो, “शेवटचे चार नग राहिले, यात्रा उठली की हा भाव नाही.” हात आपोआप बटव्याकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एल्मो लुईस ह्या जाहिरातशास्त्रज्ञाने ज्या पायऱ्या सांगितल्याचे मानतात, त्या ह्याच: लक्ष वेधणे, कुतूहल जागविणे, इच्छा उत्पन्न करणे, आणि कृती घडविणे. किसणीवाल्याने लुईसचे नावही ऐकलेले नाही, पण चारही पायऱ्या त्याला मुखोद्गत आहेत. घरी आल्यावर बटाट्याचे फूल होत नाही, बोट मात्र कापते, हा अनुभव पुष्कळ भगिनींना असेल.

ह्या चार पायऱ्यांच्या पोटात तीन युक्त्या असतात. त्या नीट ओळखल्या पाहिजेत.

पहिली युक्ती पुनरुक्तीची. आम्ही शिक्षक मुलांकडून पाढे म्हणवून घेतो. बे एके बे, बे दुणे चार. शंभर वेळा म्हटलेला पाढा मुलाच्या जिभेवर बसतो, आणि पुढे तो खरा की खोटा हा प्रश्न त्याच्या मनात उठतच नाही. जाहिरातही आपल्याकडून पाढाच म्हणवून घेते. भेद इतकाच की, पाढा मुळातच खरा असतो. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन व टॉपिनो ह्या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखविले की, तेच विधान पुन्हापुन्हा कानी पडले म्हणजे ते अधिक खरे वाटू लागते, मग ते मुळात खरे असो वा खोटे असो. दुकानात गेल्यावर दहा साबणांतून एकाकडेच आपला हात का जातो, ह्याचे उत्तर पुष्कळदा ह्या पाढ्यात असते.

दुसरी युक्ती उणीव दाखविण्याची. ज्याला काही कमी नाही त्याला काही विकता येत नाही. म्हणून जाहिरात प्रथम आपल्याला उणे करते. १९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे मलम बाजारात आले. काळी सावळी मुलगी आधी खिन्न असते, मग उजळते, मग तिला नोकरी अथवा वर मिळतो, अशी गोष्ट ह्या जातीच्या मलमांच्या जाहिरातींनी किती वर्षे सांगितली! २०२० साली कंपनीने नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला. नाव बदलले, परंतु पंचेचाळीस वर्षे म्हटलेला पाढा मनातून कसा जावा? माझ्या वर्गातील नऊ-दहा वर्षांची हुशार मुलगी ‘मी’ ह्या विषयावर निबंध लिहिताना पहिलेच वाक्य लिही, ‘मी काळी आहे.’ तिला हे कोणी शिकविले? मी शिकविले नव्हते.

तिसरी युक्ती सर्वांत बलवान, आणि आजच्या भाषणाचा गाभा तीच आहे. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवाक्य. ज्याला विषय ठाऊक आहे आणि ज्याला आपल्याला फसविण्याची इच्छा नाही, अशा विश्वासू माणसाचे बोलणे. प्रत्येक वस्तू स्वतः पारखून घेणे कोणालाच शक्य नाही, म्हणून संसार बहुतांशी आप्तवाक्यावरच चालतो. जाहिरातीचा सारा खटाटोप ह्याचसाठी असतो की, परक्याचे वाक्य आपल्याला आप्ताचे वाटावे. १९४१ साली मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या लीला चिटणीस ह्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाची शिफारस करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका. नटीला साबणाचे रसायन ठाऊक असते काय? नसते. पण तिचा चेहरा आपल्या ओळखीचा असतो, आणि ओळख म्हणजेच विश्वास असे आपले मन समजते. आज क्रिकेटपटू व नट पानमसाल्यापासून विम्यापर्यंत सर्व काही सांगतात, ते ह्याच बळावर.

आता माझा व्यवहार सांगतो.

१९९४ साल होते. माझी मुलगी चार वर्षांची होती. एका रविवारी वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर एक जाहिरात आली. सागाच्या झाडांची सरळ रांग, तिच्याखाली हसणारी एक लहान मुलगी, आणि आकड्यांचा एक सुबक तक्ता. आज काही हजार रुपये भरा. आपल्या नावाने सागाची रोपे लावली जातील. वीस वर्षांनी झाडे तोडून लक्षावधी रुपये हाती येतील. कन्येच्या विवाहाची चिंता मिटेल. त्या काळात अशा सागवान कंपन्यांचे देशभर पेव फुटले होते. मी ती जाहिरात तीन वेळा वाचली. आमच्या सौभाग्यवतीने मात्र एकदाच ऐकली आणि विचारले, “अहो, ह्या झाडांना पाणी कोण घालणार?” मी तिला तक्ता दाखविला. ती म्हणाली, “तक्त्याला पाणी लागत नाही, झाडाला लागते.” तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढून मी बारा हजार रुपये भरले. रंगीत प्रमाणपत्र आले, ते चौकटीत बसवून भिंतीवर लाविले.

येथपर्यंत झाले ते माझ्या एकट्याचे नुकसान म्हणून सोडून देता आले असते. परंतु घरी येणाराजाणारा ते प्रमाणपत्र पाही आणि विचारी, “गुरुजी, ही कंपनी कशी आहे?” मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगे. माझ्या शब्दावर आपल्याच ज्ञातीतील दोन कुटुंबांनी पैसे भरले. त्यांपैकी एक माझी नात्यातील बहीण. तिचे यजमान वारले होते, आणि विम्याच्या पैशांतून तिने ती रक्कम काढली. तिने जाहिरात वाचलीच नव्हती. तिने मला वाचले होते.

दोन वर्षे पत्रे आली, मग थांबली. मी पाठविलेले पत्र ‘मालक पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आले. १९९७ साली सरकारने अशा योजना सेबीच्या देखरेखीखाली आणण्याचे ठरविले, आणि १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. त्यानंतर नोंदणीवाचून अशी योजना चालविणे बेकायदा ठरले. परंतु तोवर आमची कंपनी राहिली नव्हती. आमच्यापैकी कोणाचाही पैसा परत आला नाही. अग्रिमाचा हप्ता मात्र छत्तीस महिने माझ्या पगारातून कापला जात होता. झाड कोठेच नव्हते, पण त्याचा हप्ता होता.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. मी नोकरी कोठे करीत होतो? तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर, जेथे शाळेच्या मागेच सागाचे रान होते. एके दिवशी एका विद्यार्थ्याच्या वडिलांना, एका वृद्ध वारली गृहस्थांना, मी सहज विचारले की, साग तोडण्याजोगा व्हावयास किती वर्षे लागतात. ते म्हणाले, “गुरुजी, साग आपल्यासाठी नाही लावायचा, नातवासाठी लावायचा.” आपल्या देशात वनखात्याचा साग साधारणतः ५० ते ८० वर्षांच्या हिशेबाने तोडीस येतो, हे पुढे माझ्या वाचनात आले. ज्याने साग जन्मभर पाहिला तो आप्त माझ्या शाळेच्या कुंपणापलीकडे राहत होता, आणि मी मुंबईहून छापून आलेल्या चित्राला आप्त मानले. मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या मला जाहिरात वाचता आली नाही.

बहिणीचे पैसे मी पुढे सहा वर्षांत थोडे थोडे करून फेडले. ती नको म्हणत होती. दुसऱ्या कुटुंबाचे पूर्ण फेडू शकलो नाही. ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांची मुले ह्या सभेत असतील. त्यांची मी आपणा सर्वांसमक्ष क्षमा मागतो. हे सांगण्यास मला तीस वर्षे लागली.

ह्या अनुभवातून मी तीन प्रश्न शिकलो. ते मी शाळेत फळ्यावर लिहीत असे, आणि आज आपल्यापुढे ठेवतो. पहिला प्रश्न: ह्या जाहिरातीत काय सांगितलेले नाही? माझ्या तक्त्यात जमिनीचा पत्ता नव्हता, पाणी नव्हते, वणवा नव्हता, कीड नव्हती. दुसरा प्रश्न: ही माझ्या कोणत्या भयाला अथवा आशेला हात घालीत आहे? मला सागाची आवड नव्हती. मला मुलीच्या विवाहाची चिंता होती, आणि विकले गेले ते त्या चिंतेवरचे औषध. तिसरा प्रश्न: हे खोटे ठरले तर मी कोणाच्या दारी जाऊ? ज्याचे दार ठाऊक नाही, त्याच्या हाती पैसा देऊ नये. भगिनींनी ह्याला चौथा प्रश्न जोडावा: झाडाला पाणी कोण घालणार?

हे प्रश्न आज अधिक निकडीचे झाले आहेत. पूर्वीची जाहिरात सर्वांना एकच दिसे; मोबाईलवरील जाहिरात माणूस पाहून बदलते. आपण एकदा गुडघेदुखीविषयी शोधले की, तेलांच्या जाहिराती आपला पाठलाग करतात. शेअर बाजारात महिन्यात दामदुप्पट, घरबसल्या नोकरी, कागदपत्रांवाचून कर्ज, हे सर्व माझ्या सागाचेच भाऊबंद आहेत. आणि ते आपल्यापर्यंत बहुधा आपल्याच मामेभावाने पाठविलेल्या संदेशातून येतात. ज्ञातीच्या गटात आलेला संदेश आपण तपासीत नाही, कारण पाठविणारा आपला असतो. जाहिरातदाराला हे पक्के ठाऊक आहे. आपले परस्परांवरील प्रेम हाच त्याचा फुकटचा छापखाना आहे.

सुदैवाने आज ग्राहक अगदी निराधार नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली; पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलात आहे. त्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुरेशी खातरजमा न करता शिफारस करणाऱ्या नामवंतांवरही बंदी येऊ शकते. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींविषयी २०२४ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून छापता येत नाही. ज्या पालकांनी आज येथे आपल्या मुलांचे सत्कार पाहिले, त्यांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. तक्रारीसाठी १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवा आहे. १९९४ साली मजजवळ असे काही नव्हते, आपणाजवळ आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी जाहिरातीवरच उठले. तसे मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले काही नांगर खपविताना त्यांना फार कष्ट पडले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती मूळची कारखान्याच्या मालाची वार्ता देण्यासाठी. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या विचारांना तिने वळण लाविले. तो नांगर शेतात चालवून पाहता येत होता, आणि बनविणाऱ्याचे दार किर्लोस्करवाडीस उघडे होते. माझे तिन्ही प्रश्न तेथे उत्तीर्ण होतात. जाहिरात माहिती देते तेव्हा ती लोकशिक्षकच असते.

आणि आपल्या दारचेच पाहा. घोलवड, बोर्डी, डहाणू ह्या पट्ट्यातील चिकूची गोडी आपण सर्व जाणतो. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्याचा अर्थ असा की, दुसरीकडच्या फळाला हे नाव लावून विकता येत नाही. नावामागे जमीन आहे, वारा आहे, बागाईतदाराचे हात आहेत. खरी जाहिरात ती हीच. आपले बागाईतदार बंधू मात्र पेटीवर हे नाव छापण्यासही कंटाळतात. खोटे बोलणारा मोठ्याने ओरडतो आणि खरे बोलणारा संकोचाने गप्प राहतो, अशाने बाजार कोणाच्या हाती जाईल?

शेवटी मंडळास दोन विनंत्या करतो. पहिली अशी की, आपल्या स्मरणिकेत पैसे गुंतविण्याच्या कोणत्याही योजनेची जाहिरात आली, तर तिचा नोंदणी क्रमांक मागून व तो तपासूनच ती छापावी. आपले पान घरोघरी आप्तवाक्य म्हणून वाचले जाते. त्याचे भाडे घेताना त्याची अब्रूही सांभाळली पाहिजे. एका पानाचे उत्पन्न बुडाले तर ते पान मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरीन. दुसरी विनंती अशी की, आपल्या वधूवर सूचीत ‘गोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’ असा जो रकाना आहे तो ह्या वर्षापासून काढून टाकावा. तीही जाहिरातच आहे, आणि तीत आपण आपल्याच लेकींना उणे करतो. ह्याला कायदा लागत नाही, खर्च लागत नाही; केवळ एक ठराव लागतो.

ते सागाचे प्रमाणपत्र मी अद्याप जपून ठेविले आहे. चौकट मोडली, पण रंग अजून तसाच टवटवीत आहे. माझी नात आता वाचावयास शिकली आहे. पुढील सुट्टीत तिला जवळ घेऊन मी ते प्रमाणपत्र तिच्याकडून मोठ्याने वाचवून घेणार आहे, आणि मग तिला विचारणार आहे, “बाळ, ह्यात काय लिहिलेले नाही?”